दुकानाचा कायदा आणि दारातलं पार्सल

१९४० साली औषधांचा कायदा झाला, तेव्हा तो परभणी जिल्ह्यातल्या सेलूला लागू नव्हता. तो झाला ब्रिटिश मुलखासाठी, आणि सेलू होतं निजामाच्या हद्दीत. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर या भागातून गेली, कापसाचा व्यापार वाढला, आणि रुळांवरून बाहेरचा मालही येऊ लागला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. हैदराबादसारख्या ‘ब’ वर्ग राज्यांना केंद्राचे कायदे एकगठ्ठा लावणारा कायदा १९५१ मध्ये झाला, त्यात हा औषधांचा कायदाही होता. म्हणजे मुंबईच्या औषधविक्रेत्याला जे नियम बांधत होते ते सेलूपर्यंत पोचायला एक दशक लागलं. कायदा आधी आणि सेलू मागून, असा तो क्रम होता. पुढं ऑनलाइन औषधांच्या बाबतीत तो उलटा झाला. पार्सल सेलूत आधी पोचलं आणि कायदा मागंच राहिला.

या कायद्याच्या मुळाशी क्विनीन आहे. हिवतापानं माणसं मरत होती, क्विनीनला प्रचंड मागणी होती, आणि बाजारात भेसळीचं, कमी ताकदीचं क्विनीन सर्रास मिळत होतं. ओरड वाढली तेव्हा सरकारनं १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३१ मध्ये तिचा अहवाल आला. औषध कसं बनतं, कोण विकतो, विकणाऱ्याला काय कळतं, या सगळ्यावर केंद्रीय कायद्याची पकड हवी, असं समितीनं सांगितलं. कायदा झाला १९४० मध्ये, त्याखालचे नियम आले १९४५ मध्ये, आणि औषध हाताळणाऱ्या माणसाची व्याख्या करणारा फार्मसी कायदा १९४८ मध्ये. समितीच्या अहवालापासून मोजलं तर सतरा वर्षं. दिल्लीत औषधाचा कागद किती सावकाश चालतो, याचा हा जुना दाखला आहे.

औषध टपालानं येणं ही काही इंटरनेटच्या जमान्यातली गोष्ट नव्हे. बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेरीतच पैशाला एक अशा क्विनीनच्या पुड्या मिळत. पुढं ती पद्धत इतर प्रांतांतही गेली. मासिकांच्या आणि पंचांगांच्या मागच्या पानांवर शक्तिवर्धकांच्या, गुप्तरोगांवरच्या रामबाण इलाजांच्या जाहिराती असत आणि खाली ‘व्ही. पी.नं मागवा’ ही ओळ. दुकानात जाऊन मागायला माणूस लाजतो ते औषध पोस्टमननं बंद पाकिटात आणून द्यावं, हा व्यवहार आपल्याकडं जुनाच. त्यातल्या खोट्या दाव्यांना आवर घालायला १९५४ मध्ये जादूटोण्याच्या औषधांविषयीचा आणि आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा वेगळा कायदा करावा लागला. २०१५ मध्ये मुंबईत एका मोठ्या संकेतस्थळावर कारवाई झाली, तेव्हा त्यात याच १९५४ च्या कायद्याचाही आधार घेतला गेला.

पण १९४५ च्या नियमांनी टपालाचा फारसा विचार केला नाही. त्यांनी विचार केला दुकानाचा. १९४० च्या कायद्याचं कलम १८(क) सांगतं, परवान्याशिवाय औषध विकायचं नाही, साठवायचं नाही, मांडायचंही नाही. परवाना मिळतो तो ठरावीक जागेला. किरकोळ दुकानाला किमान दहा चौरस मीटर जागा हवी, शीतकपाट हवं. नियम ६५ म्हणतो, चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं गेलं पाहिजे. चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख हवी. अनुसूची ‘एच’मधली औषधं चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. प्रतिजैविकांचा गैरवापर वाढला तेव्हा २०१३ मध्ये ‘एच-१’ ही आणखी कडक यादी आली; १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली आणि तिच्यातल्या ४६ औषधांच्या प्रत्येक विक्रीची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षं जपणं बंधनकारक झालं. एक जागा, एक जाणता माणूस, एक सही आणि एक वही, असा या कायद्याचा सगळा जीव आहे.

लांबचं गाव या नियमकर्त्यांच्या डोक्यात अजिबात नव्हतं असं मात्र नाही. अनुसूची ‘के’मध्ये एक सवलत आहे: हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या खेड्यात डोकेदुखीची गोळी, बाम, ग्राइप वॉटर, खोकल्याच्या वड्या अशी घरगुती औषधं किरकोळ विक्रीच्या परवान्याविना विकता येतात. सेलू तालुक्यातल्या एखाद्या लहानशा गावात किराणा दुकानदारानं डोकेदुखीची गोळी दिली तर ते बेकायदा असेलच असं नाही. सेलूच्या बाजारपेठेत त्याच दुकानदारानं तेच केलं तर आहे. आणि आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीला तर परवाना लागतच नाही, लागतो तो फक्त बनवायला. ऑनलाइन बाजारात चूर्णं, तेलं आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ गोळ्यांचा जो महापूर आहे त्याचं उगमस्थान कायद्यातली ही मोकळी जागा आहे. तिच्यावर कुणी फारसं भांडत नाही.

आता तालुक्याच्या गावातलं ‘मेडिकल’. बसस्थानकाजवळ, दवाखान्याच्या तळमजल्यावर, सरकारी रुग्णालयासमोर. महाराष्ट्रात औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेची महाविद्यालयं वाढत गेली तशी ही दुकानंही वाढली. भिंतीवर चौकटीत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र असतं, आणि ते ज्याचं आहे तो माणूस अनेकदा दुसऱ्याच गावी नोकरी करत असतो. प्रमाणपत्र भाड्यानं देणं हा राज्यभर सर्वांना ठाऊक असलेला धंदा होता. काउंटरवर मालक, त्याचा पुतण्या किंवा दहा वर्षं तिथंच घासलेला पोऱ्या. गिऱ्हाईक रिकामी पट्टी पुढं करतं, ‘हीच द्या, दहा’ म्हणतं, आणि गोळ्या मिळतात. बिल मागितलं तर मिळतं.

या ढिलाईला सरसकट नावं ठेवणं मला जड जातं. रक्तदाबाची तीच गोळी दर महिन्याला घ्यायची तर दर महिन्याला डॉक्टरची फी कोण भरणार? पीक हातात येईपर्यंत उधारीवर औषध देणारा मेडिकलवाला हा मराठवाड्यात आरोग्यव्यवस्थेचाच एक भाग आहे, सरकारनं मान्य केलं नाही तरी. पण याच काउंटरवरून ताप आलेल्या लेकराला अर्धवट डोसाचं प्रतिजैविकही जातं, झोपेच्या गोळ्याही जातात. कायदा जो जाणता माणूस मागत होता तो जागेवर नव्हता, हे खरंच.

महाराष्ट्राला याची किंमत एकदा मोठ्या शहरातही मोजावी लागली होती. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळं १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं अन्न व औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंतची सडलेली साखळी उघडी केली, आणि १९८८ मध्ये आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावं लागलं. त्या प्रकरणाचा धक्का औषध बनवणं आणि सरकारी खरेदी यांच्या तपासणीला बसला. काउंटरपर्यंत तो पोचायला आणखी पाव शतक गेलं.

तो पोचला २०११ नंतर, महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त झाले तेव्हा. झगड्यांनी नवा कायदा आणला नाही. जुनाच वाचला आणि निरीक्षकांना सांगितलं, दुकानात जाऊन फार्मासिस्ट हजर आहे का बघा. चिठ्ठी, बिल आणि साठा जुळतो का बघा. नसेल तर परवाना निलंबित करा, पुन्हा सापडला तर रद्द करा. राज्यभर परवान्यांवर टाच येऊ लागली, तशी औषधविक्रेत्यांची संघटना रस्त्यावर आली. बंदच्या हाका दिल्या गेल्या. ग्रामीण भागात इतके फार्मासिस्ट आणायचे कुठून, फार्मासिस्ट जेवायला गेला तर दुकान बंद ठेवायचं का, निरीक्षक छळतात, ही त्यांची गाऱ्हाणी. त्यातली काही खरी होती. फार्मासिस्टशिवाय काहीच बिघडत नाही, हा त्यांचा सूर मात्र पुढं त्यांच्याच अंगाशी येणार होता.

याच काळात मराठवाड्यात एक भयंकर गोष्ट उघडकीस आली. मे २०१२ मध्ये परळीत डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात गर्भपातादरम्यान एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि गर्भलिंगनिदान करून स्त्रीभ्रूणांच्या गर्भपाताचा मोठा कारभार बाहेर आला. राज्य हादरलं. औषध प्रशासनानं आपला मोर्चा गर्भपाताच्या गोळ्यांकडं वळवला: मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल यांचा संच कुणी, कुणाला, कोणत्या चिठ्ठीवर विकला, याची कसून तपासणी सुरू झाली. इथं हेतू आणि उपाय यांची गाठ चुकली. या गोळ्या चालतात गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांत. सोनोग्राफीत गर्भाचं लिंग कळतं ते त्यानंतर. परळीसारख्या प्रकरणांचा आणि या गोळ्यांचा संबंध फार तोकडा होता, आणि स्त्री-आरोग्यावर काम करणारे कार्यकर्ते ते ओरडून सांगतही होते. पण नोंदवही आणि निरीक्षक यांच्या भीतीनं कितीतरी विक्रेत्यांनी हा संच ठेवणंच सोडून दिलं. गर्भपात कायदेशीर, गोळी कायदेशीर, चिठ्ठीही हातात, आणि दुकानदार म्हणतो, ‘आम्ही ठेवत नाही.’ गरज असलेली बाई मग कुठं जाणार, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. दहा वर्षांनी त्याचं उत्तर एका पार्सलमधून आलं. ते पुढं येईलच.

झगड्यांची बदली २०१४ मध्ये झाली. पुढं डॉ. हर्षदीप कांबळे आयुक्त झाले, आणि त्यांच्या टेबलावर आली ती वेगळीच तक्रार. स्नॅपडील या संकेतस्थळावर मोबाइलची कव्हरं आणि चादरी यांच्याच रांगेत औषधं मिळत होती. एप्रिल २०१५ मध्ये प्रशासनानं कंपनीच्या मुंबईतल्या जागेची तपासणी केली. ॲस्कोरिल हे खोकल्याचं औषध आणि व्हिगोरा ही लैंगिक उत्तेजनाची गोळी अशी चिठ्ठीवरच द्यायची औषधं तिथून मागवता येत होती. कांबळ्यांनी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी कुणाल बहल, संचालक आणि माल पुरवणारे विक्रेते यांच्यावर गुन्हे दाखल करायचा आदेश दिला. इतर मोठ्या संकेतस्थळांकडंही चौकशीचा रोख वळला. त्याच वर्षी चिठ्ठीवरच्या औषधांच्या ऑनलाइन विक्रीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली.

कंपनीचा बचाव सोपा होता: आम्ही विकतच नाही. आठवडी बाजारात जागा वाटणारा ठेकेदार असतो तसे आम्ही. कुणी सडकी भाजी विकली तर त्याला पकडा, ठेकेदाराला कशाला? याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चा आधार होता. मध्यस्थाला आपल्या जागेवर इतरांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी ठरावीक अटींवर माफ आहे. हा बचाव हास्यास्पद नव्हता. कर्नाटकात सुहाग्रा गोळ्यांवरून स्नॅपडीलवर चाललेला अशाच धर्तीचा खटला तिथल्या उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये याच तर्कावर रद्द केला. म्हणजे १९४० चा कायदा विचारतो, ‘विकणारा कोण?’ आणि २००० चा कायदा म्हणतो, ‘हा नव्हे.’ दोन्ही कायदे केंद्राचेच.

औषधविक्रेते मात्र आता कायद्याचे कैवारी झाले. अखिल भारतीय औषध विक्रेता संघटनेचे अध्यक्ष कल्याणचे जगन्नाथ शिंदे. त्यांच्या हाकेवर १४ ऑक्टोबर २०१५ ला देशभरातल्या मेडिकल दुकानांनी बंद पाळला. मागणी अशी की नियम ६५ पाळा, चिठ्ठीशिवाय औषध देऊ नका, फार्मासिस्टच्या हातूनच द्या. दोन-तीन वर्षांपूर्वी याच नियमाच्या अंमलबजावणीविरुद्ध याच मंडळींनी महाराष्ट्रात बंद पुकारले होते, हे फार कमी जणांनी लक्षात आणून दिलं.

माझ्या मते या सगळ्या कहाणीची किल्ली इथं आहे. ऑनलाइन विक्रीबद्दल कायदा मुका आहे, असं पुष्कळदा म्हटलं जातं. तो मुका नाही. भारताच्या औषध महानियंत्रकांनी ३० डिसेंबर २०१५ च्या परिपत्रकात सरळ सांगितलं की दुकानातली विक्री आणि इंटरनेटवरची विक्री असा भेद कायद्यात नाही. नियम दोघांना सारखेच, राज्यांनी कारवाई करावी. अडचण अशी की या नियमांचा गाभा, म्हणजे काउंटरमागचा जाणता माणूस, हजारो दुकानांतून आधीच नाहीसा झाला होता. संकेतस्थळाला ‘तुमचा फार्मासिस्ट कुठं आहे?’ विचारायचं तर तोच प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या गल्लीतही विचारावा लागतो. सरकारला दोन्हीकडं विचारायची हिंमत नव्हती, आणि माणसंही नव्हती. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीनं २००३ मध्येच सांगून ठेवलं होतं की दर २०० विक्रीदुकानांमागं एक औषध निरीक्षक हवा.

शिवाय संघटनेच्या पोटात दुखत होतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते लपवण्यासारखं नव्हतंच. किंमत नियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला मिळतो १६ टक्के नफा, इतरांवर साधारण २०. गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणारी ॲपं पंधरा-वीस टक्के सूट सहज देत होती. तालुक्याच्या गावातल्या दुकानदारानं तेवढी सूट दिली तर दिवाबत्तीचंही निघत नाही. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेला मुलगा मोबाइलवरून आईवडिलांची महिन्याची औषधं गावी पाठवू लागला, की गावातल्या मेडिकलचं सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक तुटतं: मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड. अवचित लागणारी तापाची गोळी तेवढी त्याच्याकडं उरते. अर्थात संघटनाही काही दुबळी, भोळी नव्हे. नवा स्टॉकिस्ट नेमायला संघटनेचा ना-हरकत दाखला लागतो, ही तिची पद्धत स्पर्धा आयोगानं बेकायदा ठरवली होती. २०१२ मध्ये गोव्याच्या संघटनेला आणि २०१३ मध्ये अखिल भारतीय संघटनेला त्यापायी दंड झाला. स्पर्धा नको असणं आणि रुग्णाची काळजी असणं या दोन गोष्टी एकाच निवेदनात शेजारी बसलेल्या असत.

२०१५ च्या जुलैत राज्यांच्या औषध नियंत्रकांच्या सल्लागार समितीनं ऑनलाइन विक्रीचा अभ्यास करायला उपसमिती नेमली. तिचं अध्यक्षपद दिलं हर्षदीप कांबळ्यांना. ज्यानं गुन्हे दाखल करायला सांगितलं त्यानंच आता नियम सुचवायचे. कडक बंदीची शिफारस येईल असं वाटलं असेल, तर तसं झालं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या अहवालाचा कल नोंदणी करून, बंधनं घालून परवानगी देण्याकडं होता. कारवाई करून पाहिलेल्या माणसालाच बहुधा कळतं की एक संकेतस्थळ बंद केलं की दुसरं उघडतं.

मग दिल्लीनं एक नवाच घाट घातला. १६ मार्च २०१७ च्या जाहीर सूचनेत आरोग्य मंत्रालयानं प्रस्ताव मांडला की देशातल्या सगळ्या औषधविक्रीची नोंद एका इलेक्ट्रॉनिक मंचावर व्हावी. उत्पादक, स्टॉकिस्ट, दुकानदार, ऑनलाइनवाला, सगळ्यांनी त्यावर माल चढवायचा. किरकोळ विक्रेत्यानं चिठ्ठीचा तपशीलही भरायचा. आणि हे चालवायला एक टक्क्यापर्यंत, पण चिठ्ठीमागं २०० रुपयांपेक्षा जास्त नाही, असा आकार. कल्पना अगदी टाकाऊ नव्हती. झगडे जे निरीक्षक पाठवून शोधत होते ते इथं संगणकानं आपोआप दिसलं असतं. पण वीज जाते, इंटरनेट रांगतं, गिऱ्हाईक चिठ्ठी आणत नाही अशा ठिकाणी प्रत्येक पट्टीची नोंद करायची म्हणजे काय, याचा विचार सूचनेत दिसत नव्हता. ३० मे २०१७ ला पुन्हा देशव्यापी बंद झाला. मंच गुंडाळला गेला तो गेलाच.

२८ ऑगस्ट २०१८ ला शेवटी ‘ई-फार्मसी’ नियमांचा मसुदा राजपत्रात आला. नोंदणी केंद्राकडं, १८ एए क्रमांकाच्या अर्जावर, ५० हजार रुपये शुल्क भरून; मुदत तीन वर्षं. मादक औषधं, गुंगी आणणारी औषधं आणि अनुसूची ‘एक्स’मधली औषधं वगळलेली. रुग्णाची माहिती भारतातच ठेवायची, जाहिरात करायची नाही, दर दोन वर्षांनी तपासणी. यात सगळ्यात महत्त्वाचा बदल असा की परवाना देणारा हात राज्याचा न राहता दिल्लीचा होणार होता. एका तक्रारीवर मुंबईच्या आयुक्तानं गुन्हा दाखल करायला सांगावा, हा २०१५ चा प्रकार पुन्हा तितका सोपा राहिला नसता. महिनाभरात, २८ सप्टेंबरला, तिसरा बंद झाला. मसुदा आला म्हणून ऑनलाइनवाले खूश, मसुदा आला म्हणून दुकानदार नाराज, आणि मसुदा हा कायदा नव्हे, याचं भान फक्त न्यायालयांना.

त्यांनी ते दाखवलंही. १२ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयानं डॉ. झहीर अहमद यांच्या याचिकेवर परवान्याशिवाय ऑनलाइन औषधविक्रीला मनाई केली. पाचच दिवसांनी मद्रास उच्च न्यायालयाच्या एकलपीठानं नियम अधिसूचित होईपर्यंत विक्री थांबवायला सांगितलं आणि सरकारला ३१ जानेवारी २०१९ ची मुदत घातली. खंडपीठानं त्या आदेशाला लगेच स्थगिती दिली. दिल्लीचा आदेश कायम राहिला आणि विक्रीही चालू राहिली. कंपन्यांचं न्यायालयातलं म्हणणं असं की आम्ही विकत नाही, परवानाधारक दुकानातलं औषध घरी पोचवतो, जसं हॉटेलातलं जेवण पोचवतात तसं. मग अवमान याचिका, मग तारखा.

आणि मग मार्च २०२० आला. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्चला, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. डॉक्टरनं सही केलेल्या चिठ्ठीचं छायाचित्र मोबाइलवरून पाठवणं वैध झालं. दुसऱ्या दिवशी आरोग्य मंत्रालयानं अधिसूचना काढली, सा.का.नि. २२०(अ). परवानाधारक किरकोळ विक्रेत्याला औषध घरपोच देता येईल; ‘एच’मधलं औषध ई-मेलनं आलेल्या चिठ्ठीवरही चालेल; ‘एच-१’, ‘एक्स’ आणि मादक औषधं नाहीत; जुनाट आजाराची चिठ्ठी तीस दिवसांच्या आतली हवी, तात्पुरत्या आजाराची सात दिवसांच्या आतली. आणि एक अट अशी: औषध पोचवायचं ते दुकान ज्या महसुली जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात.

ही अट सेलूला लावून पाहावी. सेलू परभणी जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. रेल्वेनं जालन्याकडं निघालं की परतूर लागतं, ते जालना जिल्ह्यात; मंठाही तिकडंच. या बाजूच्या खेड्यांतल्या माणसांचा दवाखाना, बाजार आणि सोयरीक जिल्ह्याची हद्द बघून होत नाही. पण अधिसूचनेप्रमाणं सेलूच्या मेडिकलवाल्याला पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गंगाखेडला, औषध पाठवता येईल आणि शेजारच्या परतूरला नाही. आठशे मैलांवरच्या गोदामातून निघालेलं कंपनीचं खोकं मात्र किती जिल्हे ओलांडून आलं हे कुणी विचारत नव्हतं. ८० वर्षांच्या कायद्यात घरपोच औषधाला पहिल्यांदा जागा मिळत होती आणि ती गावच्या दुकानदाराला मिळत होती. फायदा मात्र मोठ्यांनीच उचलला. टाळेबंदीनंतर काही महिन्यांतच रिलायन्सनं नेटमेड्समध्ये ६२० कोटी रुपये ओतले. पुढच्या वर्षी टाटांनी वनएमजी घेतलं. जगन्नाथ शिंद्यांच्या संघटनेनं मुकेश अंबानींना आणि ॲमेझॉनच्या जेफ बेझोसना निषेधाची पत्रं धाडली. चिठ्ठीचा प्रश्न आता उद्योगपतींच्या दालनात गेला होता.

एप्रिल २०२२ मध्ये परळीची सावली पुन्हा पडली. महाराष्ट्राच्या औषध प्रशासनातल्या अधिकाऱ्यांनी ॲमेझॉनवरून गर्भपाताच्या गोळ्यांचा संच मागवून पाहिला. चिठ्ठी दिली नाही. मागणी स्वीकारली गेली आणि पाकीट ओडिशातून कुरिअरनं आलं. मुंबईच्या खेरवाडी पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. फ्लिपकार्टवरच्या विक्रेत्यांचीही चौकशी झाली. बातम्यांमध्ये ‘ऑनलाइन कंपन्यांचा बेजबाबदारपणा’ हा मथळा होता आणि तो खोटा नव्हता. डॉक्टरशिवाय या गोळ्या घेतल्या तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. पण महाराष्ट्रात हा संच दुकानांतून का दिसेनासा झाला, ते २०१२ पासून कुणी-कुणी केलं, हे त्या मथळ्याखाली कुठंच नव्हतं. माझ्या समजुतीप्रमाणं त्या पाकिटाचा प्रवास ओडिशातून सुरू झाला नाही. तो परळीनंतरच्या तपासण्यांतून सुरू झाला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी वीसहून अधिक ऑनलाइन विक्रेत्यांना कारणे दाखवा नोटिसा पाठवल्या. त्यांत टाटा वनएमजी, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, फार्मईझी, अपोलो अशी नावं होती. २०१५ च्या परिपत्रकात होतं तेच यात होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं केंद्राला धोरण ठरवायला आठ आठवड्यांची ‘शेवटची संधी’ दिली. मार्च २०२४ मध्ये आणखी चार महिन्यांची. विक्रेत्यांची संघटना तोवर २०२० ची अधिसूचना मागं घ्या म्हणू लागली होती, कारण दहा मिनिटांत किराणा आणून देणारी ॲपं तिच्याच आडोशानं मोठ्या शहरांत औषधं पोचवू लागली होती. साथीसाठी काढलेला तात्पुरता आदेश साथ ओसरल्यावरही उभा होता. महसुली जिल्ह्याची अट त्यात तशीच होती. २०१८ च्या मसुद्यातला १८ एए हा अर्ज मात्र पुढच्या सहा वर्षांत देशात कुणालाही भरता आला नाही, कारण तो मसुद्याबाहेर कधी आलाच नाही.